मूल वाढवायचे कोणी? : ताराबाई मोडकांचे उत्तर

महानुभावांची काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिद्धपूरचे मराठी भाषेवर एक मोठे ऋण आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी येथे बसून श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले आणि पुढे श्रीगोविंदप्रभूंचेही चरित्र लिहिले. गोविंदप्रभूंचे आईवडील ते लहान असतानाच निवर्तले आणि नातलगांनी त्यांना रिद्धपुरास आणून वाढवले, असे परंपरा सांगते. या हकिकतीत अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक गोष्ट विशेष वाटते. पोरके मूल कोणी सांभाळायचे हा प्रश्न त्या समाजव्यवस्थेत फार काळ अनुत्तरित राहत नसे. आप्त होते, शेजार होता आणि मूल वाढवण्याच्या श्रमाला वेगळी किंमत लावण्याची वेळ कोणावर येत नव्हती.

आज याच मोर्शी तालुक्यातील तरुण-तरुणी नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातात, तेथे संसार थाटतात आणि पहिले अपत्य झाले की काही महिन्यांतच त्यांना हा प्रश्न पडतो. पतिपत्नी दोघेही नोकरीवर; मग मूल कोणाजवळ ठेवायचे? कोठे आजी गाव सोडून नातवासाठी दोन खोल्यांत जाऊन राहते आणि इकडे आजोबा एकटेच संत्र्याची बाग राखतात. कोठे पाळणाघराचे शुल्क पगाराचा मोठा वाटा गिळते. तर कोठे सूनबाईंची नोकरी सुटते. प्रत्येक कुटुंब ही आपली खाजगी अडचण समजून निमूटपणे सोसत असते.

वस्तुतः ही अडचण खाजगी नाही आणि नवीही नाही. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत दादरला तिचा विचार एका कर्तृत्ववान स्त्रीने केला होता. ती स्त्री काही काळ आपल्या अमरावतीची सून होती, ही गोष्ट मात्र वऱ्हाडात फारशी कोणाला ठाऊक नाही.

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या माहेरच्या केळकर. घरात प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे वातावरण असल्याने मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान मुलगी, पाठीशी नवऱ्याचे घर नाही आणि उपजीविकेसाठी नोकरी अटळ, अशा स्थितीत त्या राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य म्हणून रुजू झाल्या. आज महानगरात एकट्याने मूल वाढवणाऱ्या नोकरदार मातेपुढे जे प्रश्न उभे राहतात, ते ताराबाईंपुढे शंभर वर्षांपूर्वीच उभे ठाकले होते. बालसंगोपनाचा प्रश्न त्यांनी ग्रंथांतून अभ्यासला खरा, परंतु त्याआधी तो जगूनही पाहिला होता.

राजकोटची मानाची जागा त्यांनी दोनच वर्षांत सोडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. डॉ. मारिया माँटेसोरी यांच्या विचारांचा भारतीय परिस्थितीशी मेळ घालण्याचा तो प्रयोग होता. १९२३ मध्ये ताराबाई त्यात सामील झाल्या. मुलाला मारू नये, त्याला भीती वा बक्षिसाची लालूच दाखवू नये, त्याच्या हातांना काम आणि इंद्रियांना अनुभव द्यावा, या गोष्टी आज सर्वमान्य वाटतात. छडीशिवाय विद्या नाही असे मानणाऱ्या त्या काळात मात्र हे विचार क्रांतिकारकच होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाईंची ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत असे. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली आणि मराठी आईबापांना मूल समजून घेण्याची दृष्टी दिली.

पुढे त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. कोकणातून व देशावरून आलेली मध्यमवर्गीय कुटुंबे तेव्हा या नव्या वस्त्यांत स्थिरावत होती. गावाकडचे एकत्र कुटुंब मागे राहिले होते. अंगण नव्हते, परसदार नव्हते. दोन खोल्यांत वावरणाऱ्या मुलाला धावायला जागा नाही आणि त्याच्याकडे पाहायला मोकळा माणूस नाही, ही शहरी कुटुंबाची उणीव भरून काढण्याचे काम बालमंदिराने करावयाचे होते. तेथे बालशिक्षिकाही तयार केल्या जात. लहान मुलांना शिकवणे हे कोणीही फावल्या वेळात करण्याचे काम नसून त्याला शास्त्र आहे, प्रशिक्षण आहे, ही प्रतिष्ठा त्यांनी या व्यवसायाला मिळवून दिली.

येथेच त्या थांबल्या असत्या, तर सुखवस्तू वर्गाच्या एका उत्तम शाळेच्या संस्थापिका एवढीच त्यांची नोंद राहिली असती. परंतु साधने महाग, शिक्षिका महाग आणि म्हणून शाळाही मूठभरांची, हे शल्य त्यांना बोचत होते. गांधीजींच्या विचारांची प्रेरणा घेऊन १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू भागातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. विकतच्या उपकरणांची जागा शंखशिंपल्यांनी, बियांनी आणि मातीने घेतली. आदिवासींची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. अंगणवाडीची कल्पना अशी आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड कडेवर असल्यामुळे थोरल्या मुलीचे शिक्षण अडते, हे ध्यानात येताच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी विकासवाडी उभी राहिली. १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिर झाले. १९६२ मध्ये पद्मभूषण देऊन शासनाने त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी हा शब्द त्या योजनेमुळे देशभर गेला.

या जीवनाचा अर्थ आजच्या शहरी पालकाने नीट समजून घेतला पाहिजे. ताराबाईंनी दादरहून बोर्डीस नेली ती केवळ शाळा नव्हे. मूल वाढवणे हे आईचे प्रेमाचे काम तर आहेच, पण ते समाजाचेही काम आहे आणि म्हणून त्याचा भार समाजाने वाटून घेतला पाहिजे, हा सिद्धांत त्यांनी तेथे नेला. आपण मात्र त्या सिद्धांताचे दोन तुकडे केले. गरिबांच्या मुलांसाठी अंगणवाडी ठेवली आणि शहरातील मध्यमवर्गाचे मूल बाजाराच्या हवाली केले. अंगणवाडी सेविका वर्षानुवर्षे वेतनाऐवजी मानधनावर राबत आहेत. त्यांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. दुसरीकडे, अडीच वर्षांच्या मुलाच्या प्रवेशासाठी आईबाप रांगा लावतात आणि शुल्क जितके जास्त तितके संगोपन चांगले, अशी समजूत करून घेतात.

कायदा अगदीच स्वस्थ बसलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे बालशिक्षण शिक्षणाच्या चौकटीत आणले. परंतु लहान दुकानांत, लहान कारखान्यांत आणि परक्यांच्या घरी काम करणाऱ्या असंख्य मातांपर्यंत हे बंधन पोहोचत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात पाळणाघराचे शुल्क मोजले जाते. नातवाला सांभाळणाऱ्या आजीचे श्रम मात्र शून्य धरले जातात. हिशेबाच्या या पद्धतीमुळे आपली दृष्टीही तशीच झाली आहे. ज्याची किंमत मोजावी लागत नाही, त्याचे मोल आपल्याला कळत नाही. रिद्धपूरची आजी कायमची पुण्याला नेता येणार नाही आणि तेराव्या शतकातील आप्तांचा आधारही परत आणता येणार नाही. शहरातील वस्तीवस्तीत नगरपालिकेची, प्रशिक्षित आणि योग्य वेतन मिळणाऱ्या सेविकांची, पाळणाघरासह चालणारी बालवाडी उभारणे मात्र शक्य आहे. अमरावतीसारख्या वाढत्या शहरानेही त्याची वाट पाहू नये. शहर रस्ते बांधते, नळ आणते, दिवे लावते. त्याच यादीत बालवाडीही असली पाहिजे. विकासवाडीचा आराखडा ताराबाईंनी केव्हाच करून ठेवला आहे. तो अंमलात आणण्याचा खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कधी दिसणार, हे आता मतदारांनीच विचारले पाहिजे.