उसन्या मिठाचा घास

दिल्लीच्या ज्या स्थानकावर आपल्याकडच्या कितीतरी गाड्या थांबतात, त्याला नाव आहे हजरत निजामुद्दीन औलियांचे. त्यांचा जन्म १२३८ च्या सुमारास बदायूंचा. वडील लवकर गेले. घरात दाणा नसला की आई बीबी जुलेखा मुलाला समजावीत, आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत. मुलाला त्या शब्दांची अशी गोडी लागली की सलग काही दिवस भाकरी मिळाली, तर तो पुन्हा पाहुणा होण्याची वाट पाहू लागे.

विशीत ते अजोधनला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पाकपट्टणला, बाबा फरीद यांच्याकडे गेले. तिथल्या खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, शिष्यांना कामे वाटून दिलेली होती. कुणी जंगलातून लाकडे आणी, कुणी करीराची रानफळे, कुणी पाणी. निजामुद्दीन ती फळे शिजवीत. एके दिवशी मीठ संपले. त्यांनी शेजारच्या वाण्याकडून थोडे उधार आणले आणि हंडीत टाकले. इफ्तारला बाबांनी घास उचलला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. हात जड झाला म्हणून त्यांनी चौकशी केली आणि उधारी उघड झाली. भुकेसाठी नव्हे, जिभेच्या चवीसाठी कर्ज काढले, हे बाबांना रुचले नाही. ते अन्न त्यांनी खाल्ले नाही. चिमूटभर मिठाची किंमत ती किती! पण निजामुद्दीन यांनी पुन्हा कधीही उधार न घेण्याचे तिथेच ठरवले.

पुढे दिल्लीजवळ गियासपूरला त्यांची स्वतःची खानकाह झाली. सुरुवातीला तिथेही फाकेच पडत. सुलतान जलालुद्दीन खिलजीने गावे इनाम देऊ केली. भुकेले काही शिष्य घ्या म्हणाले. जुन्या सोबत्यांनी मात्र बजावले की इनाम घेतले तर इथले पाणीही पिणार नाही. निजामुद्दीन यांना हेच ऐकायचे होते. त्यांनी इनाम नाकारले.

नंतर भेटी येऊ लागल्या, लंगर मोठा झाला. येणाऱ्याला पोटभर चांगलेचुंगले मिळे. स्वतः औलिया मात्र जवळजवळ बारमाही रोजे ठेवीत. इफ्तारला अर्धी-एक रोटी आणि कारल्यासारखी एखादी भाजी, किंवा थोडा भात. स्वतःचा नियम त्यांनी पाहुण्यांवर लादला नाही, हे विशेष. सहेरीला सेवक ताट आणी, तेव्हा मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी झोपलेली माणसे त्यांना आठवत. घास घशाखाली उतरत नसे. ताट तसेच परत जाई.

त्यांच्या बैठकींतली बोलणी लिहून ठेवणारे अमीर हसन सिजझी आपल्या खुलताबादला विसावले आहेत.

१३२५ मध्ये अखेरचा आजार आला. औलियांनी सगळे वाटून टाकायला सांगितले. सेवक इक्बाल याने खानकाहतल्या दरवेशांपुरते धान्य मागे ठेवले. हे कळताच औलिया नाराज झाले. कोठाराची दारे उघडली गेली, लोक आत शिरले आणि शेवटच्या दाण्यापर्यंत सारे घेऊन गेले. मग जमीनही झाडून घेण्यात आली.