अन्नछत्रापासून वसतिगृहापर्यंत : राजर्षी शाहू छत्रपतींचे लोककार्य

भुकेल्याला घास देणे हा आपल्या समाजात फार जुना धर्म मानला गेला आहे. अन्नछत्रे, सदावर्ते, माधुकरी या प्रथा शतकानुशतके चालत आल्या. परंतु इतिहासाचे अध्ययन करताना आम्हांस एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. सदावर्तावर जेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पंगतीत येऊन बसतो आणि पुढे त्याचा मुलगाही तेथेच येतो. ज्यांना पंगतीतही जागा नव्हती, त्यांच्या वाट्याला तर उरलेसुरले तेवढे आले. अन्नाने जीव वाचतो, पिढी मात्र बदलत नाही. पिढी बदलावयाची तर मुलास निवारा, पुस्तक आणि शिक्षक लागतात. त्याच्या बापास हक्काची जमीन किंवा रोजगार लागतो, आईला विश्वासाचा आधार लागतो. महात्मा जोतीराव फुल्यांनी हे सत्य आपल्या चळवळीतून मांडले. राज्यसत्तेच्या बळावर ते कृतीत उतरविण्याचे श्रेय महाराष्ट्रात निर्विवादपणे राजर्षी शाहू छत्रपतींकडे जाते. निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगणे म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आईचे छत्र त्यांनी अवघ्या तिसऱ्या वर्षी गमावले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी वडीलही निवर्तले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या गुरूंच्या सहवासात त्यांनी राज्यकारभाराचे धडे घेतले, प्रवास केला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचेही नव्हते.

सूत्रे हाती येऊन तीन वर्षे होतात न होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ प्लेगची साथ असे दुहेरी संकट कोसळले. त्या काळी दुष्काळ म्हटला की राजाने धान्याची कोठारे उघडावीत आणि लोकांनी दुवा द्यावा, एवढीच अपेक्षा असे. महाराजांनी धान्याची व्यवस्था केलीच. व्यापाऱ्यांना बिनव्याजी उचल देऊन बाहेरून धान्य आणविले, स्वस्त धान्याची दुकाने उघडली. पण ते तेथे थांबले नाहीत. रस्ते, तळी, विहिरी यांची कामे काढून हातांना काम दिले. शेतकऱ्यांना तगाई दिली. जनावरे जगली तरच शेतकरी पुन्हा उभा राहील हे ओळखून संस्थानची जंगले चराईसाठी मोकळी केली. निराधार, वृद्ध व अपंग यांच्यासाठी आश्रम उघडले.

या सर्वांत आम्हांस सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट आकाराने लहान आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडावयास येणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी महाराजांनी शिशुसंगोपनगृहे चालविली. मूल कडेवर घेऊन दगड फोडता येत नाही आणि उन्हात झाडाखाली टाकून ठेवलेले मूल जगेलच याची शाश्वती नसते. मजुरी देऊन आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या राज्यकर्त्याच्या ध्यानात ही अडचण येत नाही. कामावर आलेल्या बाईच्या पाठीमागे काय आहे हे ज्याने पाहिले, त्यालाच ती सुचते. लहानपणीच मातृसुखास पारखा झालेला हा राजा परक्या आईच्या मुलाची चिंता करीत होता, एवढीच नोंद आम्ही येथे करतो.

दुष्काळ ओसरला, पण त्याने शिकविलेला धडा महाराज विसरले नाहीत. शिक्षणावाचून रयतेची ही दैना हटणार नाही, हे त्यांनी जाणले. खेड्यांतील मुलास कोल्हापुरात शिकावयाचे, तर राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा पहिला प्रश्न होता. शाळेची फी माफ केली तरी हा प्रश्न सुटत नाही. प्रारंभी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढण्यात आले. नियमाने दार सर्वांना उघडे होते, परंतु अल्पावधीतच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी राहिले. कागदावरची समता आणि व्यवहारातील समता यांतील अंतर महाराजांना या अनुभवाने दाखविले. त्याच सुमारास वेदोक्त प्रकरणाने स्वतः छत्रपतींनाही जातिव्यवस्थेचा दाह सोसावा लागला. जेथे राजाची ही गत, तेथे रयतेची काय असेल, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला असल्यास नवल नाही.

त्यातून वसतिगृहांची मालिका उभी राहिली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुस्लिमांसाठी, १९०७ साली लिंगायतांसाठी आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे झाली आणि कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर ठरले. या कार्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. महाराज जागा देत, इमारतीस साहाय्य करीत, कायमच्या उत्पन्नाची तजवीज लावून देत. मात्र संस्था चालविण्याची जबाबदारी ते त्या त्या समाजातील जाणत्या माणसांवर टाकीत. राजाश्रय असावा, पण समाजाने आपल्या मुलांचा भार उचलण्यास शिकावे, हा त्यामागील हेतू होता. दान घेणारा समाज आणि संस्था चालविणारा समाज यांत फार मोठा फरक आहे, हे आमच्या पिढीने अनुभवाने जाणले आहे.

जातवार वसतिगृहांनी जाती बळकट होणार नाहीत काय, ही शंका त्या काळीही घेतली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती टाळू नये. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. तेव्हा आश्रय दिला तो शाहू महाराजांनीच. जातवार वसतिगृहाची मर्यादा या एका प्रसंगातून स्पष्ट होते. परंतु त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढून त्यास शाहू महाराजांचेच नाव दिले. जातवार वसतिगृह हा मुक्काम नव्हता, ती पायरी होती, असा आमचा अभिप्राय आहे. ज्या मुलास प्रथम दारातच अडविले जाते, त्याला आधी आपले असे एक दार लागते. ते मिळाल्यावर सर्वांच्या घरात तो ताठ मानेने शिरू शकतो.

वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या मुलास पुढे जागा नसेल तर शिक्षण व्यर्थ जाते. महाराजांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी, विलायतेच्या दौऱ्यावर असतानाच, त्यांनी मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध केला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय जाहीर झाला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांची मुले एका शाळेत बसवावीत, असा आदेश निघाला.

गावगाड्याची दोरी मात्र याहून घट्ट होती. महार वतनाच्या तुकड्यापायी सबंध कुटुंब रात्रंदिवस गावाची व सरकारची वेठ वाहत असे. बाप वेठीला आणि मूल शाळेत, हे जमावे कसे? १९१८ साली महाराजांनी महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्याने कसणाऱ्यांच्या नावे केल्या, वेठबिगारीस बंदी केली. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. पारध्यांना सोनतळीस घरे व काम दिले. अस्पृश्य समाजातील तरुणांना तलाठी केले, वकिलीच्या सनदा दिल्या.

गंगाराम कांबळे यांची हकिकत सर्वश्रुत आहे, तरी विद्यार्थ्यांसाठी ती पुन्हा सांगावीशी वाटते. दरबारच्या पागेत चाकरीस असलेल्या गंगारामांना सवर्णांच्या हौदास शिवल्यावरून बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले. एवढ्यावर दुसरा राजा थांबला असता. महाराजांनी गंगारामांना भांडवल देऊन कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे दुकान काढून दिले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेतला आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. भांडवल, धंद्याची जागा आणि समाजातील मान या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्याविना दुर्बल माणूस उभा राहत नाही, हे अर्थशास्त्र त्यांनी चहाच्या एका पेल्यात शिकविले. महाराजांचे पहिले स्मारक कोल्हापुरात उभारले गेले, ते याच गंगारामांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्यास महाराजांनी दिलेला हात हा या चरित्राचा कळस होय. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकास त्यांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. महाराज तेथे जातीने उपस्थित राहिले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी लाभल्याची ग्वाही त्यांनी जाहीरपणे दिली. नेतृत्व समाजाच्या पोटातून यावे आणि राजानेही ते मान्य करावे, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढे १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि तिच्या वतीने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. शाहूंनी पेटविलेला दिवा विझला नाही, याची ती खूण होती.

आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला असा राजा आला नाही. कंधारचा किल्ला आणि जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या वैभवाची साक्ष देतात, परंतु निजामी अमदानीत या मन्याडच्या खोऱ्यातील दलित मुलास अक्षर दुर्मीळ होते. माध्यमिक शिक्षण उर्दूतून, शाळा दूर आणि गावात वेठ कायम. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेस पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यातकीर्त झाले. तेथील वसतिगृहांच्या आधारानेच मराठवाड्यातील आमची पहिली पदवीधर पिढी घडली. कोल्हापूरला जे १९०१ मध्ये सुरू झाले, ते आमच्याकडे पोहोचण्यास अर्धे शतक लागले. हे अंतर आजही पुरते भरून निघालेले नाही.

आज अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबास मानशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. उपासमार टळली, ही थोडी गोष्ट नव्हे. तथापि दसरा-दिवाळी उलटली की कंधार, मुखेड, लोहा या भागांतील वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कोयत्याबरोबर मूलही फडावर जाते. रेशनचे धान्य त्या मुलास रोखू शकत नाही. त्याला रोखते ते वसतिगृह. बारावीनंतर लातूर-नांदेडला शिकणाऱ्या मुलीच्या खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे धान्यातून भागत नाहीत. शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, स्वाधारसारखी योजना आहे. पण दाखले, अर्ज व मुदती यांच्या जंजाळात अडाणी आईबाप हरवून जातात. तेथे हात धरणारा कोणीतरी लागतो.

आपले विद्यालय त्याच कामासाठी उभे आहे. येथून शिकून गेलेल्यांना म्हणून आमची एक विनंती आहे. जयंतीदिनी अन्नदान अवश्य करावे. परंतु त्याच खर्चाचा काही भाग एका मुलाच्या वर्षभराच्या निवासासाठी, एका मुलीच्या प्रवेशशुल्कासाठी, एका कुटुंबाचे दाखले काढून देण्यासाठी राखून ठेवावा. पैसा नसेल त्याने आपला वेळ द्यावा. दुष्काळात धान्य वाटणारे राजे इतिहासात अनेक होऊन गेले. मजूर बाईच्या तान्ह्या मुलाला सावली देणारा आणि त्याच रयतेच्या पोरांसाठी वसतिगृहे बांधणारा राजा आम्हांस एकच ठाऊक आहे. त्याचे स्मरण करावयाचे, तर त्याच्या मार्गाने करावे.