समजलं का, ते सांग बघू!

रमाबाई रानडे म्हटलं की बऱ्याच जणींना २०१२ मधली ‘उंच माझा झोका’ ही मालिका आठवते. मला त्यांचं नाव निघालं की आठवते ती न्यायमूर्तींची एक सवय. ती रमाबाईंनीच आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

रमा मूळची सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची लेक. १८७३ मध्ये माधवराव रानड्यांशी लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिला अक्षरओळखही नव्हती. माधवराव तिशी ओलांडलेले, मोठे विद्वान, सरकारी न्यायाधीश. त्यांनी तिला शिकवायला घेतलं ते रात्री, कामं आटोपल्यावर. दिवसा घरात मोठ्या बायकांचा राबता. सून पुस्तक हातात धरते म्हणून टोमणे, अबोला. इंग्रजी शिकवायला गोऱ्या बाई येऊ लागल्या, तर त्यांना शिवली म्हणून सोवळ्याओवळ्याचा जाच. नाशिकला बदली झाली, तेव्हा कुठे अभ्यासाला जरा उसंत मिळाली.

आता ती सवय सांगते. माधवराव प्रार्थना समाजात उपासना चालवत. घरी परतल्यावर ते रमाबाईंना विचारायचे, आज काय ऐकलंस, काय समजलं? रमाबाईंनी सगळं नीट सांगितलं तर ते म्हणायचे, आजची उपासना बरी झाली. त्यांना सांगता आलं नाही, तर आज ती चांगली झाली नाही, असं समजायचे. म्हणजे कमीपणा ऐकणारीकडे नाही, बोलणाऱ्याकडे! मला यात फार मोठी गोष्ट वाटते. न समजल्याची लाज वाटेनाशी झाली, की माणूस खरं उत्तर देतं. नाहीतर आपण मान डोलावून मोकळ्या होतो.

आमच्या मंडळाच्या संध्याकाळच्या वर्गात मुली गाइडमधलं उत्तर घडाघडा म्हणतात. पुस्तक मिटायला लावून, हेच आता तुझ्या आजीला कसं सांगशील, असं विचारलं की गप्प. पुन्हा पान उघडतात, अडलेली ओळ शोधतात. माझ्या मते खरा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. आणि हे विचारायला आईला इंग्रजी यावं लागत नाही, की विज्ञान. आपण शिकलेल्या नाही म्हणून मुलांच्या अभ्यासात काय बघणार, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी म्हणते, मला समजेल असं सांग, एवढंच म्हणा. तुम्हाला कळलं नाही तर त्याचं सांगणं अजून कच्चं आहे!

माधवराव स्वतःही असेच शिकत. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी दोघं कलकत्त्याला राहिली होती. एकदा बाहेरून बोलण्याचा आवाज आला, म्हणून कोण पाहुणे आलेत ते बघायला रमाबाई गेल्या. पाहतात तर न्हावी दाढी करतोय आणि माधवराव बंगाली पुस्तक हातात धरून त्याला शब्दांचे उच्चार नि अर्थ विचारताहेत. रमाबाईंना हसू आलं. पण मग त्याही बंगाली शिकल्या आणि वर्तमानपत्र वाचू लागल्या. अडलं की जाणत्याला विचारायचं, मग तो न्हावी का असेना.

१९०१ मध्ये माधवराव गेले. तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आतच होत्या. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे संसार सांभाळून आलेल्या बायका, तरुण विधवा नव्याने अक्षरं गिरवू लागल्या. कुणी पुढे शिक्षिका झाली, कुणी परिचारिका. सेवासदन सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक आलं. उपासनेनंतरचे ते प्रश्न त्यात आहेत, आणि कलकत्त्याचा तो न्हावीही.