हुकूम कागदावर, पोरगं गोणपाटावर



विहाराच्या वर्धापनदिनी परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातला एकच धागा आम्ही आपल्यापुढं मांडतो, तो शाळेचा.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. सरकारनंही त्याचा अर्ज मान्य केला नाही. १८५८ साली मात्र मुंबई सरकारनं आपल्या खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचं जाहीर केलं. हुकूम निघाला, पण पाळला कोणी? १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हुकमाला बेचाळीस वर्षं झाली होती. तरी बसायला घरून नेलेलं गोणपाट, तेही वेगळं. शिपायानं वरून ओतलं तरच पाणी. नाव हजेरीपटावर, पोरगं बाजूला. पुढं मुंबईत संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली.

कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन परतल्यावर बाबासाहेबांनी सरकारकडं हिशेब मागितला. मार्च १९२७ मध्ये कौन्सिलात आकडे मांडले: प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुलं, मागासांची फक्त १८. २९ मे १९२८ रोजी सायमन कमिशनला शिक्षणाविषयी निवेदन दिलं. स्वतःही हात लावला: १९२५ साली सोलापूरला वसतिगृह, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. शेवटी संविधानाच्या कलम २९(२) नं सरकारी आणि अनुदानित शाळांना जातीवरून प्रवेश नाकारायची बंदी केली. हुकमाचा हक्क झाला.

६ डिसेंबर १९५६ रोजी महामानवाचं महापरिनिर्वाण झालं. गोणपाट मात्र रूप बदलून राहतं. अमेरिकेत काळ्या पोरांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात घालायचे. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं त्यासाठीची बुद्धिचाचणी थांबवली. आपल्याकडं २०१६ च्या कायद्यानं ठरावीक प्रमाणात दिव्यांग असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

म्हणून बारामती-इंदापूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या आयाबापांना आमचं सांगणं आहे. पोराला 'ढ' म्हणून मागं बसवलं, तर गप्प बसू नका. शाळेत जा, कारण विचारा, तपासणी करून घ्या, अर्ज द्या आणि पोच घ्या. बाबासाहेबांनी आकडा आणि कागद हाती धरला, तो आपण खाली ठेवायचा नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!