सुभेदार रामजी सकपाळ : फौजेतील शिपाई ते मुख्याध्यापक

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे दाभोळ, म्हणजे दापोली तालुका लागतो. दापोलीच्याही पुढे मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचं एक छोटं गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हे मूळ गाव. बाबासाहेबांबद्दल आपण दरवर्षी वाचतो, भाषणं करतो. आज मात्र आपण त्यांच्या वडिलांची, म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांची ओळख करून घेऊया. ते सैनिक होते आणि शिक्षकही होते. फौजेत त्यांना बढती मिळाली ती शिक्षणाच्या जोरावर.

घराणं आणि फौज

रामजींचे वडील मालोजी हेही फौजेत होते. त्या काळी कोकणातल्या महार समाजातले बरेच तरुण इंग्रजांच्या मुंबई फौजेत भरती होत. कारण काय? गावात अस्पृश्यतेचा जाच होता. शाळेत बसायला जागा नव्हती, पाणवठ्यावर जायला बंदी होती. फौजेत मात्र अंगावर गणवेश, महिन्याचा ठरलेला पगार आणि म्हातारपणी पेन्शन मिळे. मालोजींच्या मागोमाग रामजीही फौजेत गेले. त्यांचा विवाह भीमाबाईंशी झाला. भीमाबाईंचे वडील धर्माजी मुरबाडकर हे ठाणे जिल्ह्यातले आणि फौजेत सुभेदार मेजर होते. म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडे फौजेचंच वातावरण होतं.

शिक्षणाने मिळालेली बढती

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. मुलांसाठी दिवसाची शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीची शाळा भरत असे. ज्या समाजाला गावच्या शाळेचं दार बंद होतं, त्यांच्या घरातल्या बायकामुलींनाही फौजेमुळे लिहिता-वाचता येऊ लागलं.

या शाळांना शिक्षक लागत. ते तयार करण्यासाठी पुण्याला फौजेचं नॉर्मल स्कूल होतं. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आजच्या डी.एड. कॉलेजसारखी. रामजींनी तिथे शिक्षण घेऊन पदविका मिळवली. आधी ते फौजेच्या शाळेत शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक झाले. हे मुख्याध्यापकपद त्यांनी 14 वर्षं सांभाळलं.

फौजेतल्या पायऱ्या अशा असत : शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. सुभेदार मेजर हे हिंदी माणसाला मिळू शकणारं सर्वात वरचं पद. त्याच्यावर सगळे गोरे अधिकारी! रामजी शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार पदापर्यंत पोहोचले. महू इथल्या लष्करी छावणीत ते असताना 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म झाला.

दार बंद झालं

पण पुढे काय झालं बघा. साधारण 1892 च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. काही जाती लढाऊ आणि काही लढाऊ नाहीत, असा विचार इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये बळावला होता. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी फौजेत चाकरी केली, त्यांनाच आता नको म्हटलं गेलं. याचा अर्थ रामजी ज्या पायऱ्या चढून वर आले, त्या पायऱ्या त्यांच्या मुलांसाठी उरल्याच नाहीत. पगार गेला, पेन्शन गेली आणि फौजेच्या शाळाही गेल्या.

रामजी गप्प बसले नाहीत. सरकारकडे अर्ज करण्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असं चरित्रकार सांगतात. दापोलीत राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीही 1894 मध्ये असाच अर्ज तयार केला होता. पण सरकारने ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर

निवृत्तीनंतर रामजी दापोली कॅम्पात आले. तिथे पेन्शनर सैनिकांची वस्तीच होती. त्यांना महिना 50 रुपये पेन्शन होती, पण कुटुंब मोठं. म्हणून त्यांनी साताऱ्याला बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली. तिथेच भीमाबाई वारल्या.

पुढे रामजी कोरेगावला खजिनदार म्हणून काम करत असताना मुलं त्यांना भेटायला आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. पण मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. तेही असं की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचं. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. वडील सुभेदार असले तरी गावच्या रस्त्यावर त्या पदाला काही किंमत नव्हती, हे यावरून समजतं.

घरातली शाळा

फौजेचं दार बंद झालं, पण रामजींमधला शिक्षक काही निवृत्त झाला नाही. ते कबीरपंथी होते. घरात रोज भजन, पाठांतर चाले. इंग्रजी आणि गणित ते मुलांकडून स्वतः करून घेत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी भीमरावांकडून घोटून घेतली. 1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. खोली एकच! स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं तिथेच. भीमराव लवकर झोपत आणि रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहून मुलाला अभ्यासाला उठवत.

मुलाने पुस्तक मागितलं आणि खिशात पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत. पेन्शन हातात आली की दागिना सोडवून परत करत. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बी.ए. सुद्धा झाले.

शेवट

जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. निघताना वाटेत सुरतेला वडिलांसाठी बर्फी घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजत होते. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले. त्याच वर्षी भीमराव शिकायला अमेरिकेला गेले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 1941 मध्ये डॉ. आंबेडकर संरक्षणविषयक सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. वडिलांचा अर्ज जिथे अडला होता, ते दार पुन्हा उघडलं.

मित्रांनो, पद, गणवेश, पगार या गोष्टी सरकार देतं आणि सरकार काढूनही घेऊ शकतं. पण रामजींना आलेली शिकवण्याची विद्या कोणाला काढून घेता आली नाही. तीच त्यांनी मुलाच्या हाती दिली.

विचार करा आणि लिहा

1. फौजेतल्या शाळांचा महार समाजाला काय फायदा झाला?
2. भरती बंद झाल्यामुळे कोणकोणतं नुकसान झालं?
3. तुमच्या घरात किंवा वाडीत कोणी सैन्यात असेल, तर त्यांना बढतीसाठी कोणतं शिक्षण घ्यावं लागलं ते विचारून पाच ओळी लिहा.