चित्रं कार्टरची, नाव ग्रेचं

मेडिकलला गेलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, 'ग्रेज ॲनाटॉमी' त्याला माहीत असतंच. पण त्यातली 363 चित्रं कुणी काढली? इथं बहुतेकांची दांडी उडते. ती काढली डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. आणि हे गृहस्थ आपल्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते! मी मुरगूडचा, शिकतोय इंजिनिअरिंग, मराठी कॉन्व्हेंटचं. तरी हे वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

कार्टर यांचा जन्म 1831 चा, इंग्लंडमधल्या हलचा. वडील चित्रकार, त्यामुळे हात घरातच वळला. लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात हेन्री ग्रे भेटले. प्रेतांची चिरफाड दोघांनी मिळून केली, चित्रं एकट्या कार्टर यांची. 1858 साली पुस्तक निघालं. कार्टरना एकदाच 150 पौंड मिळाले, रॉयल्टी ग्रेंना. वर प्रूफ आल्यावर ग्रेंनी कार्टरचं नाव लहान टायपात करायला लावलं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये राबणारा एक आणि ओरलला पुढे दुसरा, ही परंपरा आपल्या हॉस्टेलवर सुरू झालेली नाही!

पुस्तक बाजारात यायच्या आधीच कार्टर मुंबईला आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, 1863 ते 1872 साताऱ्यात काढली. कुष्ठरोग, पायाला होणारा मायसेटोमा, 1877 चा उलटून येणारा ताप, सगळ्यांवर काम केलं. मग आला हिवताप.

लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1880 साली अल्जेरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला होता. इथल्या बऱ्याच साहेब डॉक्टरांना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते दोष दलदलीच्या खराब हवेचा. कार्टर यांनी 1887 साली मुंबईत रोग्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि तेच जंतू पाहिले. पुढच्या वर्षी छापलंही. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. खुद्द रोनाल्ड रॉस यांनाही 1894 मध्ये लंडनला मॅन्सन यांनी दाखवेपर्यंत खात्री नव्हती.

आता हा जंतू माणसाला मारतो कसा, ते आज आपल्याला कळलंय. डास चावला की तो आधी यकृतात वाढतो, मग तांबड्या पेशीत शिरतो. साधारण 48 तासांनी पेशी फुटतात, तेव्हा ती हुडहुडी भरते. पण खरा वाईट तो फाल्सिपॅरम. तो पेशीच्या अंगावर बारीक गाठी उठवतो आणि चिकट प्रथिन आणून बसवतो. अशी पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते, म्हणजे प्लीहेतून जायला नको, कारण तिथं ती गाळून मारली जाते. जंतू वाचतो, पण पाइपलाइन तुंबते. मेंदूत तुंबली की माणूस बेशुद्ध पडतो. शिवाय रक्त कमी होतं ते वेगळंच. लहान मुलं यातच जास्त दगावतात.

आमच्याकडे वेदगंगेच्या काठाला पावसाळ्यात डास म्हणजे घरचेच. ताप आला की आरोग्य खात्याचा माणूस बोटाला टोचून काचेवर थेंब घ्यायचा. मला तेव्हा त्याचा भारी राग यायचा. त्या थेंबात बघायचं ते हेच, जे कार्टर बघत बसले होते. तेव्हा हॉस्टेलवर थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपू नका, रक्त तपासा.

कार्टर 1888 साली निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि 4 मे 1897 रोजी स्कारबरो इथं क्षयानं वारले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 20 ऑगस्टला, सिकंदराबादला रॉस यांना डासाच्या पोटात तो जंतू सापडला.