बॉब सिमन्स : अधू हाताने घडवलेली हलकी फळी

गोव्यात मोरजी किंवा अश्वेच्या किनाऱ्यावर हल्ली सर्फिंग शिकणारी मुले दिसतात. काखेत फळी धरून ती सहज पाण्यात शिरतात. ही फळी एवढी हलकी कशी झाली, हे शोधताना आम्हाला बॉब सिमन्स या अमेरिकन माणसाची ओळख झाली. ती वाचकांनाही करून द्यावी असे वाटले.

सिमन्स यांचा जन्म १९१९ साली कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस येथे झाला. ऐन तारुण्यात त्यांच्या पायाला गाठ झाली. त्यातून सावरतात न सावरतात तोच सायकलच्या अपघातात डावा हात जायबंदी झाला आणि त्याचे कोपर कायमचे आखडले. इस्पितळात एका रुग्णाकडून त्यांना लाटांवर स्वार होण्याच्या खेळाविषयी कळले. बरे झाल्यावर त्यांनी समुद्र गाठला.

त्या काळी या फळ्या रेडवुडसारख्या भरीव लाकडाच्या असत. एकेकीचे वजन तीस-चाळीस किलो भरे. धडधाकट माणसालाही ती वाळूतून ओढत न्यावी लागे, मग आखडलेल्या हाताची काय कथा! त्यामुळे फळीचे वजन हा त्यांच्यासाठी निव्वळ कुतूहलाचा प्रश्न राहिला नाही.

गार्ड चॅपिन हे नामांकित सर्फर गॅरेजचे दरवाजे तयार करण्याचा कारखाना चालवत. तिथे सिमन्स यांचा हात सुतारकामावर बसला. गणिताचे अंग मूळचेच होते. कॅलटेक या नावाजलेल्या संस्थेत ते शिकले आणि डग्लस या विमान कंपनीत त्यांनी गणितज्ञ म्हणून नोकरी केली. १९४६ साली लिंडसे लॉर्ड यांचे वेगवान बोटींच्या तळाच्या रचनेवरचे पुस्तक निघाले. सिमन्स यांनी ते अभ्यासले आणि त्यातले सिद्धांत आपल्या फळीला लावले. तळाची रुंदी, नाकाचा उठाव, शेपटीखाली दोन छोटे पंख अशा गोष्टी ते ठरवत, करून पाहत आणि स्वतः लाटेवर जाऊन तपासत. जुन्या फोर्ड गाडीवर फळ्या लादून किनाऱ्यामागून किनारे पालथे घालणे हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी वापरलेले फायबरग्लास युद्धानंतर बाहेर मिळू लागले. १९४६ साली पीट पीटरसन यांनी त्याची फळी करून पाहिली होती. सिमन्स यांनी बाल्साच्या हलक्या लाकडावर या कापडाचे कवच चढवले. पद्धत ऐकायला सोपी आहे. घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर काचतंतूंचे कापड अंथरायचे, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ते ओतायचे आणि मधून कडांकडे पसरवायचे. पण हार्डनर पडला की घड्याळ सुरू होते. मिश्रण घट्ट होण्याआधी सगळे कापड भिजले पाहिजे आणि आत हवेचे बुडबुडे राहता कामा नयेत. वाळल्यावर पुन्हा घासायचे, पुन्हा थर द्यायचा. घाई करणाऱ्याची फळी पुढे पाणी पिते.

बाल्साहूनही हलके काही हवे म्हणून ते थर्माकोलसारख्या फोमकडे वळले. तिथे नवी अडचण आली. पॉलिएस्टर रेझिन लागताच हा फोम विरघळतो. म्हणून त्यांनी फोमच्या वर-खाली पातळ प्लायवुड लावले, कडांना बाल्सा बसवले आणि मग त्यावर काचेचा थर दिला. १९४९ च्या सुमारास अशा फळ्या त्यांच्या कार्यशाळेत तयार होऊ लागल्या. जो क्विग आणि मॅट किवलिन हे तरुण तिथे त्यांच्यासोबत काम करत. पुढे दोघांनी स्वतःच्या कल्पनेने आणखी सुटसुटीत फळ्या घडवल्या.

२६ सप्टेंबर १९५४ रोजी सॅन दिएगोजवळच्या विंडनसी किनाऱ्यावर मोठ्या लाटांत सिमन्स बुडाले. त्यांचा देह काही दिवसांनी सापडला. वय अवघे पस्तीस होते. फळी पायाला बांधून ठेवणारी दोरी तेव्हा आलेली नव्हती. ती सत्तरच्या दशकात रुळली.

सिमन्स यांच्या मागे मोठी कंपनी उभी राहिली नाही. मात्र आत हलका गाभा आणि वर काचेचे कवच ही रीत टिकली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेन फोमचे गाभे बाजारात आले. रेझिनने न विरघळणारा हा फोम मिळताच मधले प्लायवुड गेले आणि काम आणखी सोपे झाले. आता गाभा, कापड आणि रेझिन आणून, नाकाला मास्क लावून, कोणीही हौशी माणूस घराच्या पडवीत स्वतःची फळी घडवू शकतो.

आम्हाला या चरित्रात मोलाचे वाटते ते हे. अधू हात घेऊन सिमन्स किनाऱ्यावर नुसते बघत बसले असते, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. हाताला जड जाते तर फळीच हलकी करू, असा त्यांनी उलट विचार केला. सुतारकाम एकाकडून, गणित कॉलेजातून आणि बोटींचे शास्त्र पुस्तकातून, असे जिथे मिळाले तिथून घेतले. पुढच्या वेळी एखादी लहान मुलगी काखेत फळी धरून लाटांकडे धावताना दिसली, तर आपणही क्षणभर या माणसाची आठवण काढावी.